बावटा लागण्याआधीचा समुद्र : मालवण किनाऱ्यावरील स्कूबा हंगामाविषयी एक खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र सागरी मंडळाचे अधिकारी, सिंधुदुर्ग जिल्हा प्रशासन आणि मालवण, तारकर्ली, देवबाग किनाऱ्यावरील सर्व स्कूबा व्यावसायिक यांस,

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात बंद असलेली सागरी पर्यटनाची वाट १ सप्टेंबरला पुन्हा उघडेल, नौकांना रंग लागेल, कॉम्प्रेसर दुरुस्त होऊन येतील आणि आमच्यासारख्या निवास-न्याहारी चालवणाऱ्यांचे फोन वाजू लागतील. त्याआधी, म्हणजे अजून कोणाच्या पोटावर पाय येत नाही अशा वेळी, हे पत्र लिहिते आहे. माझ्या सासऱ्यांची हयात रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासेमारी करण्यात गेली, पुतण्या स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणे) इन्स्ट्रक्टर आहे आणि माझ्या घरी उतरणाऱ्या पाहुण्यांपैकी निम्म्याहून अधिक जण 'स्कूबा करायची आहे' असे सांगतच येतात. त्यामुळे या व्यवसायाविरुद्ध बोलण्यात माझा काडीचाही फायदा नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, आज पाण्यात उतरायचे की नाही हा निर्णय एकेका नौकेच्या त्या दिवशीच्या कमाईवर सोडू नये. तो आदल्या संध्याकाळी, समुद्राची स्थिती मोजून, संपूर्ण किनाऱ्यासाठी एकदाच व्हावा आणि पाहुण्यांना पैसे देण्याआधी कळावा.

गेल्या वर्षीच्या एका दिवसाचे उदाहरण देते. त्रिपुरी पौर्णिमा नुकतीच झाली होती. लातूरहून रात्रभर प्रवास करून एक कुटुंब आमच्याकडे उतरले: आई, वडील, आजी आणि पंधरा वर्षांची मुलगी. त्यांनी स्कूबाचे पैसे पंधरा दिवस आधीच मोबाइलवरून भरले होते आणि त्यांना पाठवलेल्या चित्रफितीत पाणी इतके नितळ होते की माशांचे पट्टे मोजता यावेत. त्यांना सकाळी आठची वेळ दिली होती. किनाऱ्यावर रांग होती, आधीची नौका उशिरा परतली आणि यांचा क्रमांक लागला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. आकाश निरभ्र होते. वाळूवर उभे राहून पाहणाऱ्याला समुद्र शहाण्यासारखा दिसत होता.

दोन तासांनी मुलगी परत आली ती ओला टॉवेल डोक्यावर घेऊन, गप्प. नांगरलेल्या नौकेवर पाऊण तास डोलत बसल्यावर तिला दोनदा उलटी झाली होती, तरीही 'खाली गेल्यावर बरे वाटेल' असे सांगून तिला उतरवले गेले. खाली तिला काय दिसले, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, माझाच हात दिसत होता, तोसुद्धा हिरवा." तिच्या वडिलांनी पैशांचा विषय काढला, तेव्हा 'डाइव्ह तर झाली ना' हे उत्तर मिळाले. त्या व्यावसायिकाचे नाव मी येथे घेत नाही. त्याच्या जागी दुसरा असता तरी त्या दिवशी फार वेगळे घडले असते असे मला वाटत नाही.

आता त्या दुपारी पाणी तसे का होते, ते पाहू. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते, हा हिशेब आमच्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना पाठ असतो. पौर्णिमेची पंधरावी तिथी धरली तर भरती साधारण सव्वाअकराला भरते. जागेनुसार त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. म्हणजे साडेबाराला ओहोटी सुरू झालेली होती, तीही उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या चढउताराची. अशा ओहोटीला दक्षिणेकडून कर्ली आणि उत्तरेकडून कोळंबची खाडी आपले गढूळ पाणी समुद्रात सोडतात आणि ते पसरत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील खडकांपर्यंत येते. त्याच सुमारास रात्रभर जमिनीवरून वाहणारे मतलई वारे थांबून समुद्रावरून खारे वारे सुटलेले असतात. पहाटेपासून साडेनऊ-दहापर्यंत जे पाणी आरशासारखे असते, त्यावर दुपारी आखूड, खडबडीत लाट उठते. ती उथळ तळाची वाळू ढवळते आणि नौकेला एका लयीत डोलू देत नाही. अष्टमीच्या आसपासची, भांगाची (कमी चढउताराची) भरती असती आणि सकाळची आठची वेळ पाळली गेली असती, तर त्याच खडकावर त्याच मुलीला बरेच काही दिसले असते. आमच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पातळीत मुंबईइतका फरक पडत नाही, हे खरे; पण खाडीच्या तोंडाशी बसलेल्या खडकांना तेवढाही पुरतो.

वारा आणि ओहोटी निदान दिसतात तरी. न दिसणारी गोष्ट अधिक त्रासाची आहे, ती म्हणजे लांबून येणारी लाट, जिला आता सगळेच 'स्वेल' म्हणतात. लाटेची उंची सर्वजण विचारतात. एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते, हे फारसे कोणी विचारत नाही. पाच सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात सुमारे ३९ मीटर असते, तर पंधरा सेकंदांच्या लाटेची सुमारे ३५० मीटर. लाटेची हालचाल तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत जाणवते. त्यामुळे स्थानिक वाऱ्याने उठलेली आखूड लाट सात-आठ मीटरवर बरीचशी विरलेली असते. पण पंधरा सेकंदांची लाट, वर जेमतेम हातभर उंच दिसत असली तरी, तळापर्यंत सगळे पाणी पुढे-मागे ओढते. खाली गुडघे टेकून बसलेला नवखा माणूस त्याबरोबर सरकतो, खडकाला हात लावून स्वतःला सावरू पाहतो आणि तळहात कापून घेतो. ज्या प्रवाळाला त्याने धरले त्याचे काय होते, हे वेगळे सांगायला नको. १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या २९.१२ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात नौकेचा नांगर अशा लाटेने खरवडत जातो, तेव्हा होणारे नुकसान एका पिढीत भरून येत नाही.

ही लाट येते कुठून? तिचा उगम कित्येकदा दक्षिण गोलार्धात, हजारो किलोमीटर दूरच्या वादळात असतो. केरळमध्ये तिला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र. मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात समुद्राच्या स्थितीचा अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या 'इन्कॉइस' या केंद्र सरकारच्या संस्थेने पश्चिम किनाऱ्यासाठी अशाच लाटांचा इशारा दिला होता आणि मुंबई महापालिकेनेही नागरिकांना समुद्रापासून दूर राहण्याचे आवाहन केले होते. त्या दिवसांत डोक्यावर वादळ नव्हते. नोव्हेंबर ते मार्च या आपल्या सर्वांत भरवशाच्या महिन्यांतही पर्शियन आखाताकडचे 'शमाल' वारे जोर धरतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा दीड-दोन दिवसांत वायव्येकडून कोकणाला येऊन भिडतात. आज सकाळी वारा नाही म्हणून समुद्र शांत असेलच, हे गृहीतक त्यामुळेच फसते. चांगली बाजू अशी की, या दोन्ही प्रकारच्या लाटा वाटेत असताना त्यांचा अंदाज वर्तवता येतो. लाटेची उंची आणि तिचे सेकंद 'इन्कॉइस' रोज जाहीर करते. ती माहिती फुकट आहे, फक्त आमच्या वाळूवर कोणी ती वाचून फलकावर लिहीत नाही.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जाईल, की हवामान विभागाचा इशारा असतो, बंदरावर धोक्याचा बावटा लागतो, मग आणखी काय हवे? उत्तर असे आहे की, तो बावटा या कामासाठी नाही. मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा दिला जातो तेव्हा वाऱ्याचा वेग बहुधा ताशी ३५ ते ४५ किंवा ४५ ते ५५ किलोमीटर आणि मधूनच त्याहून अधिक राहण्याची शक्यता असते. हा वेग ज्याचे आयुष्य नौकेवर गेले त्याच्यासाठी धोक्याचा आहे. ज्याने काल संध्याकाळी पहिल्यांदा समुद्र पाहिला, ज्याला पोहता येत नाही आणि ज्याच्या तोंडात दहा मिनिटांच्या शिकवणीनंतर रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाने घेण्याचे साधन) दिला जातो, त्याच्यासाठी ताशी २० किलोमीटरचा वाराही पुरेसा वाईट असतो. वादळी हवेचा इशारा देणारा 'तीन नंबरचा बावटा' आणि 'निवांत समुद्र' यांच्यामध्ये एक मोठा पट्टा आहे. त्या पट्ट्यासाठी आपल्याकडे आज ना नियम आहे, ना शब्द. लातूरची ती मुलगी त्याच पट्ट्यात उतरली होती.

नवख्या माणसाच्या शरीराचेही थोडे सांगते, कारण 'उथळ पाणी आहे, काय होणार' हे वाक्य मी वारंवार ऐकते. दाबाचा बदल सर्वांत तीव्र असतो तो पहिल्या दहा मीटरमध्येच. तेवढ्या अंतरात दाब दुप्पट होतो. पाण्याने वर उचलले की घाबरलेला माणूस श्वास रोखून धरतो आणि भरलेल्या फुप्फुसानिशी एक-दीड मीटर झपकन वर येणेही इजा करू शकते. कान मोकळे करायला जो निवांतपणा लागतो, तो दोरीला लोंबकळत हिसके खाणाऱ्याला मिळत नाही. कोकणातली थंडी ती काय, पण डिसेंबरात घाटावरून गार हवेत प्रवास करून आलेल्यांना सर्दी असतेच. सर्दीने चोंदलेले नाक आणि वरखाली होणारे पाणी मिळून कानाचा पडदा दुखावतात. सर्वांत वाईट जागा मात्र पाण्याखाली नाही, ती शिडीपाशी आहे. नौकेचा मागचा भाग लाटेबरोबर उचलला जाऊन खाली आपटतो, तेव्हा तिच्या खाली कोणाचे डोके नसावे यासाठी इन्स्ट्रक्टर लाट मोजून पाहुण्याला वर ढकलतात. माझ्या पुतण्याच्या खांद्यावर त्याचा व्रण आहे.

आपल्या बंदीच्या तारखा २६ मे ते ३१ ऑगस्ट अशा ठरलेल्या आहेत आणि त्या असायलाच हव्यात. पण समुद्र दिनदर्शिका पाहत नाही. २४ मे २०२२ रोजी, म्हणजे बंदीला दोन दिवस बाकी असताना, तारकर्ली येथे स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची नौका उलटली आणि दोघांचा जीव गेला. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत येऊन पोहोचला. दुसरीकडे, दिवाळी आणि मे महिना हे आपल्या गर्दीचे दोन हंगाम अरबी समुद्रातील चक्रीवादळांच्या दोन हंगामांवर जवळजवळ बरोबर येऊन बसतात. 'फयान' नोव्हेंबर २००९ मध्ये आले, 'तौक्ते' मे २०२१ मध्ये. २०१९ च्या ऐन दिवाळीत 'क्यार' चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर न येता ओमानच्या दिशेने निघून गेले, तरी देवबागात घरांच्या पायऱ्यांपर्यंत आलेले पाणी येथल्या कोणी विसरलेले नाही. वादळ निघून गेले की बातमी संपते. तळाचा गाळ खाली बसायला मात्र आणखी काही दिवस लागतात आणि त्या दिवसांत बुकिंग तसेच चालू असते. सप्टेंबरचीही तीच गोष्ट. बंदी उठते, पण नद्या अजून लाल पाणी आणत असतात, पावसाळ्याने वर आणलेल्या पोषक क्षारांवर सूक्ष्म वनस्पती माजलेल्या असतात आणि पाणी हिरवट असते. पाण्याची ऊब कायम चांगली, म्हणून हंगाम कायम चांगला, ही उष्ण समुद्राबद्दलची सर्वांत मोठी गैरसमजूत आहे. आपल्याकडे पाणी गार आहे म्हणून कोणाची डाइव्ह रद्द होत नाही. ती रद्द व्हायला हवी असते ती लाट, वारा आणि गाळ यांमुळे, आणि नेमक्या या तीन गोष्टी गिऱ्हाइकाला सांगितल्या जात नाहीत.

हे सर्व तांडेलांना (नौका चालवणाऱ्या प्रमुखांना) आणि इन्स्ट्रक्टरांना कळत नाही, असे म्हणण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. त्यांना माझ्याहून शंभरपट अधिक कळते. माझा पुतण्या सकाळी ओसरीवर चहा घेताना माडांच्या झावळ्यांकडे एकदा पाहतो आणि 'आज दहानंतर नको' असे म्हणतो. मग अकरा वाजता तोच चार माणसे घेऊन निघतो, कारण त्याला पैसे डाइव्हमागे मिळतात, महिन्यामागे नाही. नौकामालकावर कर्ज आहे, एजंटाला दलाली आधीच गेलेली आहे आणि शेजारची नौका निघाली असताना आपण थांबलो तर गिऱ्हाईक उठून शेजारी जाते. अशा ठिकाणी एकट्याने शहाणपणा दाखवणारा उपाशी राहतो. म्हणून मी व्यावसायिकांना उपदेश करत नाही. जो भार एकट्याने उचलता येत नाही तो सर्वांनी मिळून उचलावा आणि त्यामागे मंडळाचे बळ उभे राहावे, अशी विनंती करते.

माझ्या डोळ्यांसमोर जे आहे ते फार खर्चिक नाही. रोज संध्याकाळी सहा वाजता बंदर कार्यालयाचा एक प्रतिनिधी, एक तांडेल, एक इन्स्ट्रक्टर आणि शक्य असल्यास तारकर्लीतील पर्यटन महामंडळाच्या स्कूबा प्रशिक्षण संस्थेतील एक जाणकार यांनी दुसऱ्या दिवशीचा अंदाज पाहावा आणि मराठीत चार ओळींचे पत्रक काढावे: लाट किती उंच, किती सेकंदांची, वारा किती व कोणत्या वेळेपासून, भरती-ओहोटी केव्हा, आणि त्यावरून नवख्यांसाठी समुद्र उघडा, फक्त सकाळपुरता उघडा किंवा बंद. प्रशिक्षित पाणबुड्यांसाठी मर्यादा वेगळी असू शकते. मर्यादा कोणती असावी, हे जाणकारांनी ठरवावे. माझ्या मते वारा ताशी २० किलोमीटरच्या वर किंवा लाट बारा सेकंदांहून लांब आणि मीटरभराहून उंच असेल, तर पोहता न येणाऱ्याला खाली नेऊ नये. जो निर्णय होईल तो पहिल्या नौकेपासून शेवटच्या नौकेपर्यंत सर्वांना सारखा लागू असावा, म्हणजे थांबणाऱ्याचे गिऱ्हाईक पळणार नाही.

पाणी किती नितळ आहे हे मोजण्यासाठी तर यंत्रही लागत नाही. पांढरी चकती दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते तेथे दोरीला गाठ मारायची, ही पद्धत अँजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने १८६५ साली रूढ केली आणि जगभरचे समुद्रशास्त्रज्ञ ती आजही वापरतात. मी आमच्या पडवीतील जुन्या थाळीला पांढरा रंग देऊन, मध्यभागी भोक पाडून, खाली दगड बांधून हा प्रयोग गेल्या हंगामात पुतण्याकडून करवून घेतला. जानेवारीतील एका सकाळी थाळी सहा मीटरवर, जवळजवळ तळाला टेकेपर्यंत दिसली. त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या त्याच आठवड्यातील एका दुपारी ती दोन मीटरलाही पोहोचली नव्हती. रोज सकाळी निघणाऱ्या पहिल्या नौकेने एवढे करावे आणि आकडा किनाऱ्यावरील फलकावर खडूने लिहावा. मग मागच्या वर्षीच्या नितळ दिवसाची चित्रफीत दाखवून आजचे गढूळ पाणी विकणे आपोआप अवघड होईल.

पैशांचा नियम मात्र लेखी हवा. समुद्र बंद ठरला तर गिऱ्हाइकाला दुसरी तारीख किंवा पूर्ण रक्कम परत, आणि एजंटाची दलालीही त्याच प्रमाणात परत. ही अट परवान्यातच घालावी. समुद्र उघडा असूनही नौकेवर बसल्यावर कोणी घाबरले किंवा त्याला उलटी झाली, तर त्याला न उतरवण्याचा अधिकार इन्स्ट्रक्टरला असावा आणि त्यापायी त्याची त्या डाइव्हची मजुरी कापली जाऊ नये. आम्ही निवास-न्याहारीवाले यात आमचा वाटा उचलू. समुद्र बंद असलेल्या दिवशी पाहुण्यांना कर्लीच्या खाडीत, आतल्या शांत पाण्यात फिरवून आणता येते, धामापूरचा तलाव दाखवता येतो. तशी सोय आम्ही स्वतः करू आणि खाडीतील ती फेरी ज्याची डाइव्ह रद्द झाली त्याच नौकामालकाला देऊ. असे केल्याने सगळा तोटा भरून निघणार नाही, हे मान्य आहे.

'एवढे नियम आले तर गिऱ्हाईक गोव्याला किंवा कर्नाटकातल्या मुर्डेश्वरला जाईल,' असे मला एका बैठकीत सुनावण्यात आले होते. मुर्डेश्वरजवळचे नेत्राणी बेट किनाऱ्यापासून बरेच आत, खाड्यांच्या गाळापासून दूर आहे; तेथील पाणी आपल्यापेक्षा नितळ असणारच आणि त्या नितळपणाशी आपण खोट्या चित्रफितींनी स्पर्धा करू शकत नाही. लातूरचे ते कुटुंब यावर्षी पुन्हा येणार का, असे मी फोनवर विचारले होते. मुलीच्या आजी म्हणाल्या, त्यांना किल्ला पुन्हा पाहायचा आहे, मासे खायचे आहेत, पण नातीला समुद्रात पाठवायची त्यांची तयारी नाही.

मंडळाने आणि जिल्हा प्रशासनाने १ सप्टेंबरपूर्वी या विषयावर एक बैठक बोलवावी, ती मालवणातच घ्यावी आणि तिला तांडेल व इन्स्ट्रक्टर यांना मालकांइतक्याच संख्येने बोलवावे, अशी विनंती आहे. नारळी पौर्णिमेचा दिवस सोडून कोणताही दिवस चालेल. संध्याकाळची वेळ ठेवावी, कारण सकाळी आमच्याकडे न्याहारीची गडबड असते आणि नौकावाल्यांची रंगरंगोटी चालू असते. थाळी, दोरी आणि गेल्या हंगामातील नोंदींची वही मी सोबत घेऊन येईन.

आपली नम्र,
देवबाग येथील एक निवास-न्याहारी चालिका